चाळीसपैकी चोवीस

प्रिय बाळ,

आपल्या धाकटीला तू औषधांच्या खिडकीवरून काढून सामानाच्या कोठारात पाठवलंस, म्हणून हे पत्र. तू रुग्णालयाचा मोठा अधिकारी झालास, तरी ताईने कान धरायचं सोडलेलं नाही.

तुझी बुद्धिमत्ता चाचणी पाहिली. वीस मिनिटं, चाळीस प्रश्न. धाकटीने चोवीस सोडवले, चोवीसही बरोबर. तिच्या शेजारी बसलेल्या चटपट्याने चाळीस उडवले, दहा चुकले. तो हुशार, ती मंद! अरे, न लिहिलेल्या उत्तराला आणि चुकलेल्या उत्तराला तू सारखाच भोपळा दिलास. खिडकीवर ती फार तर ताटकळत ठेवेल. तो भलतीच बाटली हातात देईल.

ती चिठ्ठी वाचते, बाटली काढते, लेबलावर बोट ठेवून पुन्हा वाचते. रांगेतून कुणीतरी करवादतं, "बाई, आज मिळेल ना?" ती म्हणते, "मिळेल, आणि तुमचंच मिळेल." शंका आली की डॉक्टरांना फोन, मग वहीत नोंद. त्यातली एक तरी वही उघडलीस? कोसळलेल्या माणसाला सुई टोचायची तर हात झटपटच हवा, हे मलाही कळतं. पण घड्याळ किती वेळ लागला तेवढंच सांगतं. त्या वेळात डोक्यात काय चाललं होतं, ते नाही.

आणि हे सगळं तू शिकलास कुणाकडून? माझ्याकडून. पाढे मीच विचारायची. तू फटकन ओरडायचास, निम्म्या वेळा चूक, तरी शाबासकी तुला. ती ओठ हलवत राहायची, आणि मी "चल गं गोगलगाई" म्हणून पुढचा प्रश्न टाकायची. नंतर वर्गातही तीस वर्षं मी पहिला वर आलेला हातच पाहिला. परवा तुझा हुकूम वाचून धाकटी म्हणाली, "ताई, तू तर लहानपणीच सांगितलं होतंस." रागाने नाही रे, समजुतीने! हरकत घ्यायला ती तयारच नव्हती. मी बसवून अर्ज लिहून घेतला. तिने तीनदा तपासला. या वेळी मी "चल गं" म्हटलं नाही. आता तिला खिडकीवर परत घे.

तुझीच, आणि आज तुझ्यावर जितकी, तितकीच स्वतःवर संतापलेली,
ताई

ता. क. तुझ्या कारकुनाच्या टेबलावर दिलं: धाकटीचा अर्ज, एक पान. उत्तरपत्रिकेची प्रत, एक. नोंदवह्या सहा, त्यांत वेळीच अडवलेल्या चुका एकशे सतरा. कारकून न मोजताच सही करत होता. मोजायला लावलं.