वायरी माझ्या लक्षात आहेत

३ मार्च, मंगळवार
जुनी गाडी अडून बसली. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. म्हणजे स्पार्क गेलाय. यात मेकॅनिक कशाला? रविवारी मुलीला नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय. याच गाडीनं, मीच नेणार, असा शब्द दिलाय. मेव्हणा म्हणतो, माझी नवी कार आणतो. बटण दाबून गाडी सुरू करणारा माणूस! त्याला ड्रायव्हर म्हणायचं तर लिफ्टमध्ये उभ्या राहणाऱ्यालाही म्हणावं लागेल.

४ मार्च
मेकॅनिकला फोन केला. फक्त त्याची परीक्षा घ्यायला. म्हणे, बाकी काही उघडू नका, आधी स्पार्क पाडणारे पॉइंट घासा. नापास. मी थेट कॉइल बदलली. फरक शून्य. नवी कॉइलच खराब असणार. हल्लीचा माल.

५ मार्च
प्लगच्या चारही वायरी एकदम काढून स्वच्छ पुसल्या. बायकोनं विचारलं, कुठली कुठे होती त्याच्या खुणा केल्यास का? डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी बाई मला खुणा शिकवणार! वायरी माझ्या लक्षात आहेत.

६ मार्च
पॉइंट घासले. हात रिकामे होते म्हणून. सल्ल्याचा संबंध नाही. सेल्फ मारताच फाडकन बार उडाला. शेजारचे काका बादलीभर पाणी घेऊन धावत आले. अडाणी. बार उडाला म्हणजे स्पार्क आला! फक्त वायरींचा क्रम चुकलाय. चारच तर आहेत. लागून लागून किती प्रकारे लागतील?

७ मार्च
बऱ्याच प्रकारे लागतात. बॅटरी उतरली. चार्जिंगला लावली. मुलगी दोनदा येऊन बघून गेली. काही बोलली नाही. विश्वास म्हणतात तो हा.

८ मार्च, रविवार, सकाळ
सुरू!! हॉर्न वाजवत फाटकाशी आणली. तिथे मेव्हण्याची कार उभी. सामान भरलेलं. म्हटलं, उतरवा सगळं. बायको हळूच म्हणाली, अरे, तिनंच मामाला बुधवारी सांगून ठेवलंय.
बुधवारी. तेव्हा तर मी वायरींना हातही लावला नव्हता. फार लागलं मनाला.
मुलगी खिडकीशी वाकून म्हणाली, बाबा, तू मागून ये ना. आणि डिकीत न मावलेली गादी माझ्या मागच्या सीटवर टाकली.

दुपार, रस्त्याच्या कडेला
सेल्फ फिरतो. इंजिन पेटत नाही. मुलीचा फोन आला. ते पोहोचले. सामान लागलं. मामा परत निघालाय, म्हणाली. आता त्याच्या गाडीत जागा आहे. गादीला आणि मला.