सात नंबरची किल्ली

१० नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! मिरजेहून निघताना आईने रडून घेतले, मला मात्र कधी एकदा पोचते असे झाले होते. कात्रपला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, खाली भाजीवाला बसतो आणि कंपनीची बस नाक्यावरूनच सुटते. अंबरनाथचा हा कारखाना औषधांचा आहे आणि माझ्याकडे नेटवर्कचे काम आहे. रोजनिशी जेवणाच्या सुट्टीत लिहायची आणि तारीख संगणकाच्या कोपऱ्यात बघून घालायची, असे ठरवले आहे.

खरे काम वेळेचे. गोळ्यांच्या प्रत्येक बॅचवर वेळ छापतात, सुट्टीचा भोंगासुद्धा संगणकच वाजवतो, म्हणून सगळ्या यंत्रांची वेळ एक हवी. मधल्या खोलीतला सर्व्हर ती सांगतो. कोणीही उठून वेळ सांगू नये म्हणून सर्व्हर आणि यंत्रे, दोन्हीकडे किल्लीची फाइल असते. एका ओळीत किल्लीचा नंबर आणि पुढे गुप्त शब्द. शब्द जुळला तरच यंत्र ऐकते. किल्ली दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे ज्याच्या हाती ती पडेल तोच तो. यंत्राला माणूस कळत नाही.

सध्या सगळे सात नंबरच्या किल्लीवर चालते. ती माझ्या आधीच्या अक्षदाची. बिचारी एकोणीस सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात, संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्यानंतर स्कूटीवरून बाहेर पडली आणि गेटसमोरच टँकरखाली सापडली. ऐकून फार वाईट वाटले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट वाटणे संपले. उठता बसता अक्षदा! माझे वरिष्ठ साईनाथ सर माझ्या प्रत्येक कामावर म्हणतात की अक्षदा हे जरा वेगळे करायची. कँटीनच्या राजाबाई बारवी धरणाकडच्या, हाताला चव आहे, पण तव्यावरची खरपूस भाकरी अजून बाजूला काढून ठेवतात. मी मागितली तर म्हणाल्या, ती अक्षदा बायची. मेलेल्या बाईची भाकरी! गेटवरचे धोंडिबा मला ‘अक्षदाच्या जागी आलेल्या’ म्हणतात. मला नाव आहे. रुचिका. तीन अक्षरे, कोणाच्या जिभेला जड नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी स्वतःची किल्ली केली. नंबर आठ, शब्दही माझा. सगळ्या फाइलींत घातली, चार वेळा तपासली. एकाही यंत्राने ऐकले नाही. सात नंबर परत लावला की सगळी मुकाट रांगेत. सर म्हणाले, जुनी चालतेय ना, मग कशाला हात लावतेस. पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणार, तेव्हा वेळेत काही घोटाळा निघाला तर मला कायम करण्याचा विचार ते पुन्हा करतील.

जळफळाट झाला. यंत्रांनीसुद्धा तिचीच बाजू घ्यावी?

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिचा गुप्त शब्द पाहिला. ‘येते’, इंग्रजी अक्षरांत. हसूच आले. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. राजाबाई सांगतात, त्या संध्याकाळीही ती कँटीनच्या दारातून तेवढेच म्हणून गेली.

मग मी लबाडी केली. तिचा शब्द माझ्या आठ नंबरपुढे लिहिला आणि सात नंबरची ओळ पुसून टाकली. नंबर माझा, शब्द तिचा. यंत्रांनी लगेच ऐकले. आता दर मिनिटाला सगळ्या कारखान्याच्या वेळेवर त्या एका शब्दाची मोहोर उठते. बस म्हणावे आता, अक्षदाबाई!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी झकास झाली. सरांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. राजाबाईंनी खरपूस भाकरी आपणहून माझ्या ताटात वाढली. “खा गो अक्षदा बाय,” म्हणाल्या.

चुकून म्हणाल्या असतील. भाकरी मात्र सगळी खाल्ली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संगणकाच्या कोपऱ्यात हीच तारीख आहे. मोबाइलवरही. सरांना दाखवले, तर त्यांना त्यात काही चूक दिसेना. तपासणी कधी आहे विचारले, तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. तेही मला अक्षदा म्हणाले. मी रागावून नाव सांगितले. ते हसले, कोण रुचिका?

३ नोव्हेंबर, सोमवार

तो शब्द पुसायलाच हवा. पण माझ्या नावाने आत जाता येईना. संगणक म्हणतो, असा कोणी वापरकर्ता नाही. बरोबरच आहे, मी दहा तारखेला रुजू झाले. अजून झालेच नाही.

गळ्यातल्या ओळखपत्रावर फोटो माझा. नाव तिचे.

६ ऑक्टोबर, सोमवार

राजाबाई विचारत होत्या, दिवाळीला चकल्या देऊ का. दिवाळी व्हायची आहे—

आईला फोन लावला. आई, मी रुचिका. ती म्हणाली, रुचिका तर इथे समोर पोहे खातेय, तुम्ही कोण? मागून मला माझेच हसणे ऐकू आले. अंबरनाथच्या नोकरीची जाहिरात वाचत होती ती—

तिचा इतका हेवा वाटला. पोहे खातेय. आईसमोर. ओरडले, तिला पाठवू नका, पण फोन—

२२ सप्टेंबर, सोमवार

पर्समध्ये स्कूटीची किल्ली सापडली. मला स्कूटी येत नाही. धोंडिबांना परत द्यायला गेले, तर म्हणाले, “मॅडम, तुमचीच हाय ती, गाडी सावलीत लावलीय.”

फेकून दिली नाल्यात. जागेवर येऊन बसले. पर्समध्ये—

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज दुपारपासून कँटीनमध्येच बसून लिहितेय, राजाबाईंच्या नजरेसमोर. उठायचेच नाही. खरपूस भाकरी ताटात तशीच—

सगळे माझे झाले. भाकरी, खुर्ची, कौतुक. नकोय. ज्याच्या हाती किल्ली—

फाइलीत पाहिले. ओळ एकच. नंबर सात.

उठावेच लागले तर ‘जाते’ म्हणेन. अशुभ तर अशुभ. तिचा शब्द तोंडून काढायचा नाही, म्हणजे ती मी नव्हे. जाते. जाते. जाते—

भोंगा झाला.

पाय उठले. मी नाही उठवले. एका हातात पेन, दुसऱ्यात किल्ली. राजाबाई विचारतात, निघालीस का गो बाय. सांगते त्यांना. मी जा— नाही, हात लिहीत नाही ते, जीभ वळत— राजाबाई, मी ये