मैदानातला ओटा आणि बाकीची मिळकत

मी, द्वारकाबाई रामकिसन मिसाळ, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत लावला आहे. कोणाचा दाब नाही. फक्त किळस आली आहे, आणि किळस आल्यामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही असं वकिलांनी सांगितलं आहे.

१. राहतं घर, विहीर आणि खालची पाच एकर जमीन मुलगा कल्याण याला. तो जालन्यात मस्तगडला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवतो. द्यावं लागतं म्हणून देते.

२. रस्त्याकडेची तीन एकर माझ्या वडिलांनी मला बक्षीसपत्रानं दिली. सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे. ही जमीन म्हणजे मुलींचं फुटबॉलचं मैदान, आणि ते आमच्या मालकांनी, म्हणजे रामकिसनरावांनी केलं. आमची काळी माती पावसात पायाला धरायची आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडायच्या. त्यांनी वाळू मिसळली, पाणी निघायला मधून कडेला उतार दिला, सांडू शिंगाडेची मेंढरं रात्री बसवून लेंडीखत घेतलं आणि मग हरळी लावली. ज्या माणसानं जन्मभर शेतातली हरळी खणून फेकली, तो ती मांडी घालून हातानं लावत होता. गाव हसलं. हसणाऱ्यांच्याच पोरी पुढं त्या गवतावर अनवाणी खेळल्या.

जाण्याआधी मालक कल्याणचा हात धरून म्हणाले, "हितं माझं काही बांधू नको. पोरींना पळू दे." कल्याण रडला, हो म्हणाला, आणि वर्षाच्या आत उजव्या कोपऱ्यात, रेषेच्या आत, समाधी म्हणून सिमेंटचा ओटा बांधला. कारण काय, तर पोरानं बापासाठी काहीच केलं नाही असं लोक म्हणतील. वर काळी फरशी, फोटो, आणि स्वतःचं नाव बापाच्या नावाहून मोठं. उद्घाटनाला मंडप, जेवणावळ, गाड्या थेट गवतावर. खरकट्या पत्रावळ्या मी वेचल्या. हरळी ओट्यावर चढू नये म्हणून भोवती दुकानातलं तणनाशक मारलं, त्याचं पिवळं कडं अजून आहे. शी.

३. सांडूची मुलगी वर्षाराणी बॉलमागं पळताना त्या ओट्यावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं, जिल्ह्याच्या संघातली जागा गेली. कल्याणला फोन केला तर म्हणतो, पोरीनं पाहून पळायचं ना. त्याच फोनमध्ये विचारतो, पुण्यतिथीचा मंडप कुठून लावायचा. हा माझ्या पोटचा, हे लिहितानाही तोंड कडू होतं.

४. म्हणून हे मैदान वर्षाराणी अध्यक्ष असलेल्या मुलींच्या क्रीडा मंडळाला. मालकांच्या सळया, दगडी रूळ आणि पाण्याची मोटार तिच्या ताब्यात. पाऊस सरला की सळईनं भोकं पाडून त्यात वाळू सोडावी. गवत बोटभर ठेवून कापावं. ओल्यात ट्रॅक्टर घालू नये. मुरूम नको, लग्न नको, डीजे नको, कोण्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर बिलकुल नको. राजूरच्या गणपतीला कोणी दूर्वा मागितल्या तर हीच हरळी द्यावी, पण रेषेबाहेरची.

५. (रद्द.) मी मेल्यावर ओटा फोडावा, असं हे कलम होतं. ज्यानं ओटा बांधला त्या तातेराव गवंड्यालाच साक्षीला बोलावलं, म्हणजे पुढं काम त्याच्याच गळ्यात. कलम वाचून दाखवलं. नवऱ्याची समाधी बायकोनं फोडली असं गाव म्हणेल, ते मला जिवंतपणी ऐकायचं नाही, हेही सांगितलं. तातेरावानं सही न करता कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "काकू, जमीन तुमची, माणूस तुमचं. मंग मरायची वाट कामून पाहून राह्यल्या?"

लोक काय म्हणतील म्हणून पोरानं बांधला, आणि लोक काय म्हणतील म्हणूनच मी तो ठेवत होते. दोघांचं रक्त एकच निघालं. इतकी किळस मला त्या पत्रावळ्यांचीही आली नव्हती.

६. सोमवारी ओटा फोडला. खड्ड्यात वाळू, माती आणि लेंडीखत भरलं. हरळीच्या काड्या वर्षाराणीनं एका हातानं लावल्या, दुसरा अजून गळ्यात बांधलेला आहे. फरशी आणि फोटो कल्याणला. मस्तगडला पोचते केले आहेत. माझी राख गिरजा नदीत सोडावी. माझं कुठंही काही बांधलं तर कलम एक रद्द समजावं आणि घरही मंडळाला जावं.

साक्षीदार:
१. तातेराव सुरडकर, गवंडी. ओटा मीच बांधला होता, मीच फोडला.
२. दैवशाला वाघ, क्रीडाशिक्षिका.

सही: द्वारकाबाई रामकिसन मिसाळ
दिनांक: १८ जुलै २०२५
स्थळ: हसनाबाद, मैदानाचा उजवा कोपरा, ओटा होता ती जागा.