घर किती लांब

यम्मा, तुझ्या हातांचं चुंबन घेऊन तुझा लेक ईद्देर लिहितो.

मी बरा आहे. वेधशाळेच्या स्वयंपाकघरात जेवण भरपूर मिळतं. डोंगरावर थंडी आहे, पण तू विणलेला झगा अंगात असतो. इथं मला नावानं कुणी हाक मारत नाही, "ए चहावाल्या" म्हणतात. त्याचं काही नाही.

काल चहा ओतताना झहूरबाईंनी विचारलं, "घर किती लांब रे तुझं?" त्या इथं विश्वाचं गणित करतात. आपण वाट दिवसांत सांगतो ना, तसं घर सोडल्याला किती झाली ते मोजून माझ्या तोंडून गेलं, "चार वर्षं."

सगळे हसले. "गोगलगाईवर बसून आलास का?"

बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आम्हीसुद्धा वेळ अंतरासारखीच मांडतो. फक्त तिच्यापुढे वजाचं चिन्ह लागतं."

"म्हणजे काय, बाई?"

"वाटेवरून माघारी जाता येतं बाळा, वेळेतून नाही."

तेव्हापासून घास उतरत नाही. बाबांचा खोकला कसा आहे? हल्ली तुझ्या पत्रात त्यांचा निरोप नसतो, यम्मा.

सुटी मागितली आहे. नाही दिली तरी शुक्रवारी निघतो. बाबांना सांग, यंदा खजूर मी उतरवणार, त्यांनी खालून शिव्या द्यायच्या.

तुझाच,
ईद्देर