सहावं नाव

८ ऑक्टोबर १९१७

झार गेल्यावरच्या मोठ्या निवडणुकीसाठी मतदारांची यादी कचेरीच्या भिंतीवर लावली. अकराशे चार नावं, सगळी माझ्या हातची. एक गाळलं— पीमेन!

मतदान समितीचे अध्यक्ष आमचे शाळामास्तर, ओनिसिम साव्विच. त्यांनी न वाचताच सही केली. "तुझ्या कामात चूक कुठली सापडायची, येवलाम्पिया?" हरकतीला दहा दिवस. पीमेनला वाचता येत नाही. मुखिया होता तेव्हाही येत नव्हतं. समोर आलेल्या कागदावर शिक्का तेवढा मारायचा.

त्याच शिक्क्याच्या, बंडखोरांची नावं लिहिलेल्या कागदावरून १९०६ साली झारचे कोसॅक घोडेस्वार आले. माझ्या नवऱ्याला, फेओक्तिस्तला, कचेरीच्या अंगणात बाकावर पालथं घालून चाबकानं फोडलं. पीमेन पायरीवर उभा होता, टोपी हातात. तीन आठवड्यांनी फेओक्तिस्त गेला. मी तेवीस वर्षांची होते.

१८ ऑक्टोबर

मुदत संपली. लोक आले, आपापल्या नावावर बोट ठेवून खूश होऊन गेले. पीमेनचं नाव कोण शोधणार?

२९ ऑक्टोबर

राजधानीत पुन्हा सरकार पडलं. मास्तरांनी तार दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली. "निवडणूक होणार ना?" मी विचारलं. "होणार नाही असं यात कुठं लिहिलंय?"

होऊ दे, देवा. मग कुणाचंही राज्य येऊ दे.

५ नोव्हेंबर

गावसभेत ठरलं— सगळ्या गावाचं मत तीन नंबरच्या चिठ्ठीला. पीमेन पुढच्या बाकावर, छातीला क्रांतीची लाल फीत. फीत! "आपण सगळे एक, भावांनो!" म्हणून तोच ओरडत होता.

चिठ्ठ्या घरोघर वाटल्या आहेत, दर पक्षाची एकेका नंबरची. कागदाचा दुष्काळ, पुरुष त्यांच्याच विड्या वळतात. लोहार म्हणाला, "चार नंबर ओढून बघितला, फार कडू. मत तीनलाच!" बायकांनी आपल्या चिठ्ठ्या देवाच्या तसबिरीमागे लपवल्यात.

घरी बाबांना सांगितलं, पीमेनचं नाव गाळलं म्हणून. खूश होतील वाटलं होतं. चमचा वाटीत तसाच राहिला. "कशाला जुनं उकरतेस, पोरी?"

बाबा असेच, मऊ. पंचवीस वर्षं याच कचेरीत कारकून होते. माझं अक्षर त्यांनीच घडवलं. आता नजर अधू झाली. फेओक्तिस्त गेल्यावर मला परत घरी घेऊन आले. अजून म्हणतात, "तू आलीस म्हणून हे घर उभं राहिलं."

१२ नोव्हेंबर

आज!

मतदानाचा पहिला दिवस. म्हाताऱ्या बायका मतपेटीसमोर क्रूसाची खूण करून वाकतात, मग चिठ्ठीचं पाकीट टाकतात. दुपारी पीमेन आला, बायको आणि दोन सुना घेऊन. नवे लोकरी नमद्याचे बूट. मी यादीवरून सावकाश बोट फिरवलं.

"तुमचं नाव नाही, पीमेन कोर्निलिच."

"नीट बघ."

"बघितलं. तुमच्या मंडळींचं आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "झारच्या यादीत शोध रे याचं नाव!" सगळी कचेरी हसली. लोहार म्हणाला, "काकू मत देतील, काका दार धरतील!" पीमेनच्या बायकोनं मान खाली घालून पाकीट घेतलं. तो नुसता उभा. टोपी हातात— तशीच! अकरा वर्षं या क्षणाची वाट बघितली.

मग तो टेबलावर वाकला. हळूच म्हणाला, "मला कळतं हे कशासाठी. पण तेव्हाही मी वाचलं नव्हतं. मला पाच नावं वाचून दाखवली. मी पाचांवर शिक्का मारला. सहावं मला अंगणात कळलं."

"मग अकरा वर्षं तोंड का शिवलं होतं?"

"पाचांचं पाप तर माझंच ना!"

गेला. खोटारडा. मेला खोटारडा!

१३ नोव्हेंबर

झोप नाही. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी कचेरीतली जुनी पेटी उघडली. १९०६चं बाड तळाशी होतं.

कागद सापडला. खाली शिक्का. पाच नावं ओळीनं, मोकळी, ऐसपैस. सहावं पाचव्याच्या आणि शिक्क्याच्या मध्ये दाबून बसवलेलं, फिक्या शाईत. फेओक्तिस्त.

आधी वाटलं, हे मीच लिहिलंय. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून तिला गाठ— ही सवय गावात दोघांनाच आहे.

दिवसभर पाकिटं वाटली. घरी गेले. बाबांनी माझ्यासाठी रस्सा गरम ठेवला होता. जेवले. काय करणार?

१४ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. बाबा काठी टेकत आले, चिठ्ठी मुठीत. सगळे बाजूला झाले, जुन्या कारकुनाला वाट दिली. यादी माझ्यासमोर होती. चौथं पान, वरून तिसरं नाव त्यांचं.

"नाव नाही," मी म्हटलं.

"पुन्हा बघ, पोरी."

"सहावं कुणी घातलं ते सांगा. मग बघते."

कुठलं सहावं, असं त्यांनी विचारलं नाही.