तुमचा मासा आमच्याकडे जेवत नाही

सन्माननीय व्याहीसाहेबांना सादर नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण त्यातून एक जण वगळावा. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? तुमची खोकल्याची ढास थांबली का? थांबली नसेल तर हे पत्र चार दिवसांनी वाचा, कारण यात चिडण्यासारखं बरंच आहे. सूनबाई मजेत आहे. म्हणजे विचारलं की ती तसं सांगते.

आता मुद्द्याचं. अकरा दिवसांपूर्वी तुम्ही सूनबाईच्या सोबतीला पाण्याच्या पिशवीतून जो पिवळा, लांब तोंडाचा, समुद्रातला पाहुणा पाठवलात, त्याने आजतागायत आमच्या घरी अन्नाला तोंड लावलेलं नाही. व्याहीसाहेब, मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसं जेवू घालतो आहे. संप झाला तेव्हा संपावरचे लोक जेवणाच्या सुट्टीत आत येऊन जेवायचे आणि परत फाटकाबाहेर जाऊन घोषणा द्यायचे. (त्यांच्या पुढाऱ्याने दोनदा वाढून घेतलं होतं, मी स्वतः वाढलं.) घरातलं स्वयंपाकघरही माझ्याच ताब्यात आहे. आणि या माझ्या घरात एक तळहाताएवढा मासा नाक मुरडतो! वर पिशवीला तुमची चिठ्ठी: "जरा बुजरा आहे. घाई करू नका." घाई? अकरा दिवसांत लोकांची लग्नं ठरतात.

मी काय काय केलं ते ऐका. तुम्ही दिलेले डबीतले दाणे मी आधी चाखून पाहिले, कारण न चाखता मी कुणालाच वाढत नाही. ती चव पाहून मला माशाची दयाच आली. मग कोलंबी आणली, सोलली, बारीक चिरली, हलकी वाफवली आणि वरून लिंबू पिळणार तेवढ्यात सूनबाईने माझा हात धरला. चिरंजीव म्हणाले, त्याच्या काचेच्या टाकीतल्या पाण्याचा खारेपणा मोजायला नळी आणतो. नळी कशाला? मी पळीभर पाणी काढून जिभेवर ठेवलं, मीठ बरोबर होतं. (नंतर नळीनेही तेच सांगितलं, याची नोंद घ्यावी.) शेवटी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो, तर तो दुकानदार मला म्हणतो, "काका, समुद्रात कोण शिजवून देतं? कच्चंच द्या, लसणाच्या रसात भिजवून. आणि उरलेलं लगेच काढा, नाहीतर पाणी नासेल." लसणाचं नाव काढल्यावर मला जरा बरं वाटलं, निदान माणूस स्वयंपाकाच्या वाटेवर तरी आला.

तर लसूण ठेचला, रस काढला, कोलंबी भिजवली, चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढे नेली. तो खडकामागे गेला. मी स्टूल उचलून त्या बाजूला बसलो. तो या बाजूला आला. असं आमचं सकाळ-संध्याकाळ चालू आहे. माझी एक सवय आहे, ती मी लपवत नाही: पहिला घास पोटात जाईपर्यंत मी जेवणाऱ्याच्या समोरून हलत नाही. कॅन्टीनमध्येही हातात झारा घेऊन उभा असतो, "कसं झालंय?" विचारतो, सगळे "छान" म्हणतात, मग मी पुढच्या बाकाकडे जातो. माशाला बोलता येत नसलं तरी खायला तर येतं!

आता त्याचं पोट पार खपाटीला गेलंय. काल सूनबाई टाकीपुढे उभी राहून गुपचूप डोळे पुसताना मला दिसली. तिच्या माहेरचं या घरात जिवंत असं ते एवढंच आहे, आणि ते माझ्या हाताखाली उपाशी मरतंय. मला फार लागलं हो ते. मी स्वयंपाकी आहे, दगड नाही.

त्यावर आमची सौ. काय म्हणाली ऐका. "अहो, तुम्ही उठा बघू तिथून. असं कुणी डोळे फाडून बघत बसलं तर घास उतरेल का घशाखाली? मी नवीन होते तेव्हाही असेच समोर उभे राहायचात. महिनाभर अर्धपोटी होते मी." तीस वर्षांनी ही तक्रार! तेव्हा विचारलं की "छान झालंय" म्हणायची! माझं डोकंच फिरलं. तेव्हा व्याहीसाहेब, रविवारी येताना पिशवी घेऊन या आणि तुमचा पाहुणा परत न्या. माझ्या घरी कुणी उपाशी राहिलेलं मला चालणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तूर्त थोडा कमी आहे.

तुमचा व्याही

ता. क. सौ.चं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून आज एक ताजा शिंपला उघडून टाकीच्या तळाशी ठेवला, वरचा दिवा मालवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दाराच्या फटीतून पाहत राहिलो. (फटीतून पाहणं म्हणजे समोर उभं राहणं नव्हे.) वीस मिनिटांनी महाशय आले आणि शिंपला चाटूनपुसून साफ केला. ना वाफवलेला, ना लसूण लावलेला! रविवारी पिशवी आणू नका. तुम्ही मात्र या.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं, म्हणून आणखी एक. दुपारी पानं वाढून झाल्यावर मी काम आहे म्हणून उठून आत गेलो. सूनबाईने दोनदा भात मागून घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

ता. क. ३. खरं विचारायचं ते हेच. तिला काय आवडतं? मी विचारलं की "काहीही चालतं बाबा" म्हणते. लहानपणापासून ती काय मागून खायची ते विहीणबाईंना विचारून सविस्तर लिहा, आणि मी विचारलं हे तिला कळू देऊ नका. मी करून ठेवीन आणि बाहेर जाईन. दार मात्र थोडं उघडं ठेवीन.