टेलरमास्तरांकडे जायचं आहे

रविवार, २ फेब्रुवारी
उपासनेनंतर कमिटीची मीटिंग. हजर अकरा. रिकामे बाक मोजायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. नवे पाळकसाहेब म्हणाले, तीन वर्षं भांडणात गेली, निम्मी मंडळी सोडून गेली, आता चर्चच्या भिंतींबाहेर बघू या. आउटरीच. वस्तीतल्या बायकांसाठी हॉलमध्ये मोफत शिवणवर्ग काढायचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी या नात्याने उठलो आणि म्हणालो, कल्पना माझ्या मनात कधीपासून घोळतेय.

हे खोटं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीतल्या टेलरमास्तरांनी हीच कल्पना मांडली, तेव्हापासून घोळतेय. मी विरोध केला, ही गोष्ट वेगळी. मशीनचं तेल फरशीवर सांडेल, असा माझा मुद्दा होता. ठरावही मीच लिहिला. ‘मास्तरांनी मंडळीत फूट पाडू नये’ हे वाक्य जरा जास्त झालं, पण मराठी चांगलं होतं. मास्तर त्यानंतर आले नाहीत. त्यांच्यामागून बाकीचे गेले.

वर्गप्रमुख मी. शिकवणार कोण, एवढंच बाकी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी १०
पाळकसाहेबांचा फोन. मास्तरांना विचारलंत का? म्हटलं, निघालोच. खरोखर निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मशीनचा आवाज येत होता. कामात असलेल्या माणसाला त्रास देणं मला पटत नाही. परत आलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी
मास्तरांची गरजच काय? मीच शिकवणार. बायकोचं मशीन काढून उशीचा अभ्रा शिवला. तीन बाजू झकास. भरात चौथीही शिवली गेली.

बायको उसवायला बसली. हात भराभर चालत होता. विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, टेलरमास्तरांकडे. दर मंगळवारी जाते, दीड वर्ष झालं. वस्तीतल्या नऊ बायका येतात त्यांच्या पुढच्या खोलीत. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

“तुम्ही ठराव केला असता.”

रविवार, ९ फेब्रुवारी
प्रवचन समेटावर. पाळकसाहेब सारखे माझ्याकडेच बघत होते. नंतर लक्षात आलं, माझ्या मागे घड्याळ आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
एक गोष्ट लिहून ठेवतो. ठरावानंतर मास्तरांची बायको वारली. तिला माती दिली त्या दिवशी मला ताप होता. नव्याण्णव. लोक विचारायला आले, जायचं का? मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही. मग तेही गेले नाहीत. मी त्यांना जाऊ नका म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं. सांत्वनाचं पत्र मात्र त्याच दिवशी पाठवलं.

झोप येत नाही. चहा कमी केला पाहिजे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
गेलो. खिशात माफीनामा होता, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. बायको बरोबर होती, म्हणजे ती तिच्या वर्गाला आणि मी तिच्या मागे.

मास्तर वाळलेत. त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. खिशात हात घातला, पण तोंडून भलतंच निघालं. म्हणालो, हॉलमध्ये आता नवी फरशी बसवली आहे, तुमचा वर्ग तिथे हलवू. कातरी खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, “ही गेली तेव्हा तुमचं पत्र आलं होतं. लेटरहेडवर. खाली मंडळीचा शिक्का. मला वाटलं, आता मंडळीतून काढूनच टाकलं की काय. म्हणून दोन दिवस उघडलंच नाही.”

खोलीतल्या बायका माना खाली घालून शिवत होत्या. माझी बायकोही.

मग मास्तरच म्हणाले, वर्ग इथे बरा चाललाय, हलवायचा नाही. मंडळीला काही करायचंच असेल तर दोन मशीन पाठवा आणि माणसं पाठवा. वस्ती इथेच आहे.

पाळकसाहेबांना फोन करून कळवलं, चर्चा समाधानकारक.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
मशीन पोचली. मंडळीतले सहा जण आले. पाळकसाहेबांनाही टीप घालायला बसवलं. वर्गप्रमुखाला बटणं निवडायचं काम मिळालं. पांढरी एका डब्यात, बाकी दुसऱ्यात. फिकट पिवळी कुठे टाकायची हे कोणी सांगितलं नाही.

कागद मुद्दाम नेला नव्हता. मास्तर शेजारीच मशीनवर होते. सगळी मशीन एकदम चालू झाली तेव्हा मी म्हणालो, मास्तर, त्या दिवशी मी यायला हवं होतं. ताप नव्हता मला.

त्यांनी पाय थांबवला. मग बाकीच्यांनीही थांबवले. मास्तरांनी विचारलं, “काय म्हणालात?”

नऊ बायका, सहा मंडळीतले, पाळकसाहेब आणि माझी बायको, सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, काही नाही. फिकट पिवळी कुठल्या डब्यात टाकू?